आईला ओट्यावर बसलेली पोरं दिसतात, कुणाच्या घरात असं झालंय का?

रानजाई
नमस्कार मंडळी. दोन आठवडे लिहू की नको चाललंय, आज लिहितेच.

माझी आई ८१ वर्षांची, राजापूरजवळ गावी भावाकडे असते. एका डोळ्याची नजर काचबिंदूने जवळजवळ गेलीय, दुसऱ्याचा पडदा खराब झालाय, त्यामुळे समोरच्याचा चेहरा दिसत नाही, कडेने थोडंफार दिसतं. बाकी ठणठणीत. डोकं इतकं साफ की दूधवाल्याचे कुठल्या महिन्याचे किती राहिलेत ते तोंडपाठ.

गणपतीत गेले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी सगळे आडवे झालेले, आम्ही दोघी स्वयंपाकघरात, मी नारळ खवत होते आणि ती करवंट्या एकात एक घालून ठेवत होती. मधेच तिने ओट्याकडे मान वळवली आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "तुला म्हणून सांगते, वहिनीला बोलू नको. ओट्यावर पाच पोरं बसलीत."

मला काय बोलावं सुचेना. मग तिनेच सांगितलं. आठ महिने झाले, येतात. वीत-दीड वीत उंचीची, लाल टोप्या, टोपीला जर. पाय खाली सोडून बसतात, पाय हलवतात पण टाचा आपटल्याचा आवाज नाही. बोलत नाहीत, हाका मारत नाहीत, तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. आधी घाबरली, मग एक दिवस धीर करून पोर बसलेलं तिथेच हात ठेवला. "ओटाच लागला गं. गार." आणि पुढे म्हणाली ते माझ्या डोक्यातून जात नाहीये, "माझ्या पदराचा काठ मला दिसत नाही, आणि त्यांच्या टोपीवरची जर मोजून घे."

"मला ठाऊक आहे ती नाहीत. पण दिसतात." हे दोनदा म्हणाली.

आठ महिने गप्प का राहिली तर खालच्या वाडीतल्या एक काकू होत्या, त्यांना म्हातारपणी असंच काहीबाही दिसायला लागलं तेव्हा घरच्यांनी मागच्या खोलीत ठेवलं होतं त्यांना, बाहेरून कडी लावून. आईने ते बघितलंय.

मी भावाला सांगितलं, न सांगून कसं चालेल. वहिनी रडकुंडीला आलीय. भाऊ म्हणतो राखणदाराचा नारळ दोन वर्षं राहिलाय, गुरवाकडे जाऊन कौल लावू. पुण्यातला चुलतभाऊ म्हणतो सरळ डिमेन्शिया आहे, गोळी सुरू करा. मला दोन्ही पटत नाहीये. कुणाच्या घरात असं झालं असेल तर लिहा प्लीज.

पारंब्या
वाचून घशाशी आलं. आठ महिने एकटीने सांभाळलं त्यांनी. डोळ्यांच्या डॉक्टरांना हे सांगितलंय का कुणी?

खाडीपलीकडे
रानजाई ताई, मी पण तिकडचाच. भाऊ म्हणतात त्यात वाईट काही नाही. नारळ ठेवायला कितीसा वेळ लागतो. घरातल्या माणसांचं मन थाऱ्यावर आलं की म्हाताऱ्या माणसालाही बरं वाटतं. दवाखाना करू नका असं म्हणत नाही, पण आपलं म्हणून जे आहे ते आधी करावं असं माझं मत.

नेत्रपल्लवी
मी डोळ्यांची डॉक्टर आहे, बावीस वर्षं प्रॅक्टिस. न तपासता निदान करत नाही, पण रानजाई, तुम्ही जे लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही. चार्ल्स बॉनेट सिंड्रोम.

नजर बरीच गेलेल्या पण डोकं शाबूत असलेल्या माणसांना अशी चित्रं दिसतात. कारण डोळ्यात नाही, मेंदूत आहे, आणि तरी हा मनाचा आजार नाही. मेंदूचा मागचा भाग आयुष्यभर डोळ्यांकडून येणारा मजकूर दळत असतो. तो यायचा थांबला म्हणून तो भाग थांबत नाही. माझी आजी म्हणायची रिकामं जातं फिरवू नये, दगडाचंच पीठ पडतं. तसंच आहे हे. दाणे नाहीत, जातं फिरतंय, जे पडतं ते जात्याचं स्वतःचं. म्हणून तर टोपीची जर स्वच्छ दिसते आणि पदराचा काठ दिसत नाही, कारण काठ खराब डोळ्यातून यायचाय आणि जर डोळ्यातून येतच नाहीये.

आईंनी सांगितलेल्या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या. एक, आवाज नाही. या सिंड्रोममध्ये फक्त दिसतं, ऐकू येत नाही, वास नाही, स्पर्श नाही. दोन, ती खरी नाहीत हे त्यांना कळतं. पहिल्यांदा घोटाळा होतो माणसाचा, पण मग कळतं.

आणि गप्प राहण्याचं म्हणाल तर हे फक्त आपल्याकडे नाही. १९९६ मध्ये नेदरलँड्समध्ये नजर अधू झालेल्या सुमारे ५०० जणांना मुद्दाम विचारलं, तेव्हा ६० जणांना असं दिसत असल्याचं कळलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी डॉक्टरांना अवाक्षर काढलं नव्हतं. मी स्वतः प्रॅक्टिसची पहिली कित्येक वर्षं हा प्रश्न विचारतच नव्हते. आता विचारते, "आजोबा, नसलेलं काही दिसतं का हो कधी? पुष्कळांना दिसतं, म्हणून विचारते." तो "पुष्कळांना" शब्द ऐकला की माणसं खुर्चीत सैल होतात, डोळ्यांना दिसतं ते.

जुनीवही
नेत्रपल्लवी ताईंनी नाव दिलंय तर त्या नावामागची गोष्ट मी सांगतो, कारण ती रानजाईंच्या धाग्यासारखीच आहे, घरातली.

चार्ल्स बॉनेट हा जिनिव्हाचा निसर्गअभ्यासक, किडे आणि वनस्पतींवर काम करणारा. त्याचे आजोबा शार्ल लुलँ, नव्वदीला टेकलेले, मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, नजर अधू. त्यांना माणसं दिसायची, बायका, पक्षी, घोडागाड्या, इमारती, आणि बघता बघता त्या लहानमोठ्या व्हायच्या. आजोबांचं डोकं उत्तम, ते नातवाला सगळं नीट सांगायचे. बॉनेटने १७६० साली ते छापलं. पुढे बॉनेटची स्वतःचीही नजर खालावली. आजाराला त्याचं नाव मात्र पुष्कळ उशिरा, विसाव्या शतकात, जिनिव्हाच्याच द मॉर्सिए नावाच्या मेंदूतज्ज्ञाने दिलं.

मला यातलं काय आवडतं, तर नातवाने विश्वास ठेवला. अडीचशे वर्षांपूर्वी आजोबा म्हणतात गाडी दिसतेय आणि नातू वही काढतो. तुम्हीही तेच केलंत ताई, नारळ बाजूला ठेवून ऐकलंत.

गोदाकाठ
मी थोडं वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका. इथे नाव मिळालं म्हणून सुटलो असं समजू नका. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. पलंगाखाली कुत्रं दिसायचं, काळं, कान पडलेले. आम्ही पण म्हटलं नजरेचं असेल, मोतीबिंदू होताच.

पण बाकीच्या गोष्टी आम्ही जोडल्याच नाहीत. झोपेत लाथा मारायचे, आईला एकदा बरगडीत बसली. चालताना पाय घासायला लागले. एक दिवस एकदम लख्ख, दुसऱ्या दिवशी दुपारी विचारायचे ऑफिसला जायचंय का. एका दवाखान्यात दिसण्याच्या तक्रारीवर हॅलोपेरिडॉल हे भासांवरचं औषध सुरू केलं आणि तीन दिवसांत माणूस लाकडासारखा झाला, घास गिळता येईना. नंतर मोठ्या न्यूरोलॉजिस्टने बघितलं, ल्युई बॉडी डिमेन्शिया निघाला. त्यात ही औषधं अंगावर येतात, कधी जिवावर. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बाबा नंतर सव्वा वर्ष होते, पण ते तीन दिवस मी विसरलेलो नाही.

तेव्हा ताई, चुलतभावाला सांगा की "सरळ डिमेन्शिया, गोळी सुरू करा" हे वाक्य परत तोंडातून काढू नको. आणि नेत्रपल्लवींच्या नावावरही लगेच निवांत बसू नका.

नेत्रपल्लवी
गोदाकाठ, राग कसला, तुम्ही लिहिलंत ते सोन्यासारखं आहे आणि मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं.

बॉनेट म्हणण्याआधी बाकीचं बाजूला सारावं लागतं. वडिलांना झोपेत हातपाय झाडणं, चाल मंदावणं, दिवसागणिक चढउतार होता, तो ल्युई बॉडीचा माग. एकदोन दिवसांत अचानक सुरू झालं, रात्री जास्त, माणूस भांबावलेला, तर लघवीचं इन्फेक्शन किंवा रक्तातलं सोडियम उतरलंय का ते बघायचं, म्हाताऱ्या माणसांत हे फार होतं. नवीन औषध सुरू झालं होतं का ते बघायचं. पार्किन्सनच्या गोळ्यांनीही दिसतं. रानजाई, आईंना यातलं काही आहे का? आठ महिन्यांत एखादं नवीन औषध?

रानजाई
नाही हो. बीपीची एकच गोळी, ती दहा वर्षं तीच. झोप शांत. चाल अंदाज घेत घेत असते, पण ती नजरेमुळे, पाय घासत नाही. वहिनीला परत विचारते.

गोदाकाठ दादा, तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. सोपं नसणार ते.

पारंब्या
एक बाळबोध प्रश्न. मेंदू चित्रं काढतोच आहे तर ओळखीची का नाही काढत? आईंना त्यांचीच नातवंडं का नाही दिसत? बुटकी, टोपीवाली, अनोळखी पोरंच का?

नेत्रपल्लवी
प्रश्न बाळबोध नाही, लोकांनी यावर आयुष्यं घालवलीत. १९९८ मध्ये लंडनमध्ये अशा रुग्णांचं, चित्रं दिसत असतानाच, मेंदूचं स्कॅनिंग केलं. रंग दिसत होता तेव्हा रंगाचा भाग पेटलेला, चेहरे दिसत होते तेव्हा चेहऱ्यांचा भाग. म्हणजे ही आठवण नाही, आठवणींच्या कपाटातून काही निघत नाहीये. चेहरे, आकार, नक्षी जिथे घडवली जाते तो कारखानाच स्वतःहून सुरू होतो. म्हणून साधारण अनोळखी माणसं. बुटकी माणसं, टोप्या, भरजरी कपडे हे तर जगभरचे रुग्ण सांगतात. विटांची भिंत, जाळी, वेलबुट्टी हेही खूप. लाल टोपी वाचली तेव्हाच मला वाटलं, अरे हो.

उत्तररात्र
मी ७४ वर्षांचा, एसटीतून रिटायर, सोलापूर. फोनवर टाइप करतोय, चुका माफ.

मला दिसत नाही, ऐकू येतं. कान दोन्ही गेलेत, वर्कशॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. तीन वर्षांपूर्वी थंडीत रात्री संबळ ऐकू आला. म्हटलं कुणाकडे गोंधळ आहे. खिडकी उघडली, गल्ली सामसूम. हिला उठवलं, ही म्हणाली काही नाही हो, झोपा. दुसऱ्या रात्री परत. मग भजन, तेच कडवं पुन्हा पुन्हा, तिसऱ्या ओळीला येऊन मागे फिरणार. चौथी ओळ कधी येत नाही. महिनाभर कुणाला बोललो नाही. आमच्याकडे अंगात येणारे पुष्कळ, मला वाटलं आता आपलं नाव त्यात.

कानाच्या डॉक्टरांकडे मशीन घ्यायला गेलो तेव्हा त्या मुलीने, लहान पोरगी हो, तिने आपणहून विचारलं काका गाणी ऐकू येतात का. मी तिथेच रडलो. ती म्हणाली कानाला आवाज कमी पोचतो म्हणून मेंदू स्वतःचं वाजवतो. मशीन लावायला लागल्यापासून दिवसा बंद आहे. रात्री मशीन काढलं की हळू येतं. आता मी उशाशी पंखा चालू ठेवतो, त्या आवाजाने बरं पडतं.

रानजाई ताई, तुमच्या आईंना सांगा सोलापूरला एक माणूस आहे.

रानजाई
काका, नक्की सांगते. वाचून दाखवते तिला हा प्रतिसाद.

कट्ट्यावरचा
अवांतर आहे पण "माणसावर विश्वास ठेवला नाही" या मुद्द्यावर लिहितो. जानेवारी २०२५, पुणे, सिंहगड रोडला जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे हा नसांचा आजार, पसरला होता, आठवत असेलच, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. दोनशेच्या वर पेशंट झाले. माझा मावसभाऊ तिकडेच राहतो. पोट बिघडलं, चार दिवसांत बरा झाला, कामावर गेला. आठवड्याने संध्याकाळी सोसायटीच्या गेटमधून आत आला तो झोकांड्या खात. वॉचमनने हात धरून लिफ्टपर्यंत आणला. घरात वहिनीने दार उघडलं तर हा म्हणतो मला तू दोन दिसतेस. झालं. पोरगा कधी थेंबाला शिवलेला नाही पण त्या रात्री घरात सगळ्यांची खात्री की पिऊन आला. वडील तर बोललेच नाहीत त्याच्याशी.

सकाळी एका क्लिनिकला नेलं, चक्करेची गोळी दिली. जीबीएस सगळ्यांना माहीत होता हो, पेपरात रोज येत होतं, पण पाय लुळे पडतात एवढंच माहीत होतं, याच्या पायात तर ताकद पूर्ण! तिसऱ्या दिवशी डोळे हलेनात, म्हणजे डोकं वळवल्याशिवाय बाजूचं बघता येईना. तेव्हा न्यूरोलॉजिस्टकडे. त्यांनी पलंगाच्या कडेला बसवून गुडघ्याखाली हातोडी मारली, पाय हलला नाही. दुसरा गुडघा, नाही. ते म्हणाले हा जीबीएसचाच भाऊ, मिलर फिशर. तोल जातो, डोळे हलत नाहीत, हातोडीला पाय उडत नाही, ही त्रयी. १९५६ मध्ये फिशर नावाच्या डॉक्टरांनी सांगितलेली.

भाऊ बरा झाला, दीड-दोन महिन्यांत गाडी चालवायला लागला. पण त्याला त्या आजाराचं नाही इतकं त्या रात्रीचं वाईट वाटतं अजून. त्याच्या वडिलांनी नंतर एकदा जेवताना त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने तूप वाढलं, तेवढीच माफी.

पारंब्या
शेवटचं वाक्य वाचून थांबले.

शेवंती
माझ्या शेजारच्या काकूही जीबीएसच्या होत्या, त्यांची सुरुवात कंबरदुखीने झाली. नुसती पाठ आणि मांड्या ठणकायच्या, सगळ्यांनी सायटिका म्हणून शेक दिला. मुंग्या पोटऱ्यांवरून वर चढायला लागल्या तेव्हा धावपळ. त्यामुळे पोट बिघडून गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत असं काही झालं तर वाट बघू नये, श्वासाच्या स्नायूंवरही जातं ते.

आणि माझ्या मावशीचं सांगते. काका गेले, तेराव्याच्या आदल्या दिवशी तिच्या छातीत कळ, घाम, ईसीजी बिघडलेला, सरळ अँजिओग्राफीला घेतलं. नळ्या स्वच्छ! हृदयाचं टोक मात्र फुग्यासारखं फुगलेलं. ताकोत्सुबो म्हणतात त्याला. जपानी लोक ऑक्टोपस पकडायला एक मडकं वापरतात, अरुंद गळ्याचं, हृदय तसं दिसतं म्हणून ते नाव, १९९० च्या सुमाराला तिथल्याच डॉक्टरांनी दिलेलं. पाळी गेलेल्या बायकांत जास्त. महिन्याभरात मावशीचं हृदय पूर्ववत झालं. तिने डॉक्टरांना विचारलं, म्हणजे मला काही झालंच नव्हतं का? ते म्हणाले झालं होतं, खरोखर झालं होतं.

दूरदेशी
लीड्सहून लिहिते. आमच्या आजोबांचं आठवलं. पार्ल्याला असायचे. ८४ व्या वर्षी एक दिवस आजीकडे बोट दाखवून बाबांना म्हणाले, "ही बाई कोण आणून बसवलीय? दिसते तिच्यासारखी, पण ती नव्हे." साठ वर्षांचा संसार. आजी चहा घेऊन उभी. ती काही बोलली नाही, कप ठेवला आणि आत गेली.

सगळ्यात विचित्र म्हणजे फोनवर तिला ओळखायचे! आजी माहेरी गेली की रोज साध्या फोनवर बोलायचे, "कधी येतेस, घर खायला उठतं." आणि ती आली की परत "ही कोण". काप्ग्रा सिंड्रोम. १९२३ साली पॅरिसच्या काप्ग्रा नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी लिहिलेला. डॉक्टरांनी आम्हाला असं समजावलं की चेहरा ओळखण्याची वाट वेगळी आणि आपलं माणूस बघून आत जे हलतं त्याची वाट वेगळी. आजोबांची दुसरी वाट तुटली होती. चेहरा जुळतो, पण आत काही हलत नाही, मग मेंदू म्हणतो ही तोतया आहे. आवाजाची वाट शाबूत, म्हणून फोनवर ठीक. न्यूरोलॉजिस्ट व्ही. एस. रामचंद्रन यांच्याही एका पेशंटचं हुबेहूब असंच होतं, आई समोर आली की तोतया, फोनवर आईच.

हे कळल्यावर आजीने काय केलं माहितीये? खोलीत शिरण्याआधी दाराबाहेरून हाक मारायला लागली. "अहो, येतेय हं मी." बोलतच आत यायची, बोलत बोलत शेजारी बसायची. रोज जमायचं असं नाही. पण पुष्कळदा जमायचं.

जुनीवही
दूरदेशी, तुमच्या आजींना दंडवत.

आवाजाचं निघालंच आहे तर, नॉर्वेतली एक गोष्ट. १९४१, ओस्लो, जर्मनांनी देश व्यापलेला. हवाई हल्ल्यात एका तरुण बाईच्या डोक्याला बॉम्बचा तुकडा लागला. वाचली, बोलायलाही लागली, पण तिच्या नॉर्वेजियनला जर्मन हेल आला! ती आयुष्यात कधी देशाबाहेर गेलेली नाही. दुकानात लोक तिला माल देईनात, त्यांना वाटायचं ही जर्मन आहे. मॉन्राड-क्रोन या न्यूरोलॉजिस्टनी तिच्यावर १९४७ मध्ये लिहिलं. हेल म्हणजे शेवटी सूर आणि ठेका, तेवढाच बिघडला की ऐकणाऱ्याला परका वाटतो. आपल्याकडे मालवणी माणसाने एका सकाळी वऱ्हाडी ठेक्यात बोलायला सुरुवात केली तर घरचे काय म्हणतील बघा, नाटक करतोय म्हणतील. तिला मात्र आपल्याच गावात परकं व्हावं लागलं.

चिंचबन
लहान मुलांचंही असतं बरं का. माझा मुलगा सहा वर्षांचा होता, ताप उतरून दोन दिवस झालेले, रात्री ओरडत उठला, "आई तुझं डोकं लिंबाएवढं झालंय, आणि माझे हात दारापर्यंत गेलेत." सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या काढल्या, मी थर्मामीटर काढलं, ताप नव्हता. पाच-दहा मिनिटांत गेलं, पुन्हा दोनतीनदा झालं. बालरोगतज्ज्ञ म्हणाले विषाणूच्या तापानंतर किंवा मायग्रेनच्या घराण्यातल्या मुलांत होतं, अ‍ॅलिस इन वंडरलँड सिंड्रोम, टॉड सिंड्रोमही म्हणतात त्याला, १९५५ मध्ये टॉड या ब्रिटिश डॉक्टरांनी वर्णन केलंय. मला स्वतःला मायग्रेन आहे. एकदा तपासून घेतलं सगळं, फिट्सचं काही नाही ना तेही बघितलं. आता तो दहावीत आहे, परत कधी झालं नाही.

तेव्हा त्याला मी एवढंच सांगितलं होतं की तू खोटं बोलत नाहीयेस हे मला माहितीये. तो लगेच झोपला.

खाडीपलीकडे
मी वर नारळाचं लिहिलं होतं. दोन दिवस हे सगळं वाचतोय, आणि एक गोष्ट आठवून राहवेना म्हणून परत आलो.

माझी आत्या. नजर गेलेली, दोन्ही डोळ्यांची. तिला अंगणात नऊवारीतल्या बायका ओळीने जाताना दिसायच्या, डोक्यावर हंडे. आम्ही कौल लावला, एकदा नाही तीनदा. प्रत्येक वेळी काहीतरी राहिलेलं निघायचं आणि ते केलं जायचं. कुणी तिला मारलं नाही, छळलं नाही, आमच्या घरात तसलं काही नाही. पण ती शेवटची दोन वर्षं असं समजून जगली की आपल्याच हातून काहीतरी चुकलं म्हणून त्या बायका येतात. मरायच्या आधी मला म्हणाली, "मी काय गं चुकले असेन तुझं, वहिनी?" मी नव्हे, समोर माझी आई होती असं तिला वाटलं, आणि तिने माझ्या आईची माफी मागितली. कशाची ते तिलाही माहीत नव्हतं.

नारळ ठेवू नका असं मी आजही म्हणणार नाही. पण आईंना तो त्या पोरांसाठी ठेवला असं सांगू नका. एवढंच.

नेत्रपल्लवी
खाडीपलीकडे, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या आत्यांना कुणी नाव सांगितलं असतं तर, असं वाटत राहिलं वाचून.

रानजाई, आईंना सांगायच्या दोनतीन युक्त्या. चित्र दिसायला लागलं की डोकं न हलवता नजर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, साधारण सेकंदाला एकदा, असं पंधरा-वीस सेकंद. पापण्यांची जोरात उघडझाप. उठून दिवा लावणं. हात पुढे करून स्पर्श करणं, ते तर त्यांनी स्वतःच शोधून काढलंय. पुष्कळांचं वर्ष-दीड वर्षात आपोआप कमी होतं, काहींचं वर्षानुवर्षं राहतं, पण भीती गेली की बहुतेकांचा त्रास खूप कमी होतो. आणि काचबिंदूचे थेंब अजिबात चुकवू नका, जी नजर आहे ती टिकली पाहिजे.

गोदाकाठ
रानजाई ताई, पुढे काय झालं? तपासलं का?

रानजाई
उशीर झाला, माफ करा. दिवाळीच्या आधी आठ दिवस रजा टाकून गेले आणि रत्नागिरीला नेलं. आधी डोळ्यांचे डॉक्टर, मग त्यांनीच सांगितलेल्या फिजिशियनकडे. गोदाकाठ दादा, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून नेला होता. सोडियम नॉर्मल, लघवी नॉर्मल, हातपाय कडक नाहीत, चाल बघितली.

स्मरणशक्तीची तपासणी चालू होती तेव्हा घड्याळ काढायचं असतं, ते तिला नजरेमुळे जमणार नाही म्हणून डॉक्टर म्हणाले, आजी महिने उलटे म्हणा. आई म्हणाली, "मराठी का इंग्रजी?" डॉक्टर म्हणाले तुम्हाला हवे ते. फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक असं धाडधाड चैत्रापर्यंत गेली आणि वर "अधिक महिना नाही यंदा" हेही सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी परत बोलावून तिला नीट सांगितलं. चार्ल्स बॉनेट. तिने दोनदा म्हणायला लावलं. घरी येताना गाडीत मी जुनीवहींनी लिहिलेलं सांगितलं, जिनिव्हाच्या आजोबांचं, २६० वर्षांपूर्वीचं. ती खिडकीकडे तोंड करून ऐकत होती. म्हणाली, "त्याची माणसं बोलायची?" म्हटलं नाही, डॉक्टर म्हणतात या आजारात कुणाचीच बोलत नाहीत. "मग बरोबर आहे," म्हणाली. उत्तररात्र काकांचं संबळाचं पण वाचून दाखवलं. तिने विचारलंय ते भजन कुठलं, आणि चौथी ओळ येत नसेल तर ती फोनवर म्हणून दाखवेल.

वहिनीला तिने स्वतः सांगितलं. वहिनी तिचा हात धरून बराच वेळ बसली, मग उठून म्हणाली, आता ओटा पुसताना मला सांगा कुठे बसलेत, मी तिथलं शेवटी पुसते. दोघी हसल्या. भावाने ओट्यावर मोठी ट्यूब लावलीय आणि पायऱ्यांच्या कडेला पिवळी टेप चिकटवलीय. नारळही ठेवला त्याने राखणदाराला, पण खाडीपलीकडे दादा, मी तुमचं वाचून दाखवलं होतं त्याला, तो आईला म्हणाला हा गेल्या दोन वर्षांचा राहिलेला आहे, तुझ्या पोरांचा नाही.

खालच्या वाडीतल्या त्या काकूंचं आई सारखं काढते. त्यांचे डोळे पण गेले होते म्हणे.

उत्तररात्र
भजन रूपाच्या अभंगाचे आहे. रूप पाहता लोचनी. मला चारही ओळी पाठ आहेत हो, पण डोक्यात वाजतं त्यात येत नाही. आईंनी म्हटलं तर ऐकेन, मशीन लावून बसतो. एक विचारा त्यांना, लाइट गेले की पोरं जास्त येतात का? माझं अंधारात शांत झालं की वाढतं.

रानजाई
विचारलं काका. म्हणाली संध्याकाळी लाइट गेले की पाचच्या पाच येतात, आणि ओट्यावर नाही, खिडकीच्या कठड्यावर बसतात. ट्यूब लावल्यापासून दिवसा दोन किंवा तीनच. भावाला इन्व्हर्टरचं बघायला सांगितलंय. रविवारी चारच्या पुढे फोन करा, तोवर ती चहा घेऊन बसलेली असते.